दोन घरचा पाहुणा

१९९० च्या दशकात ज्यांनी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून घरच्या पीसीवर लिनक्स चढवलं, त्यांना हा प्रसंग नक्की आठवेल. एक्स विंडोच्या चित्रमय पडद्यावर काम चाललेलं असतं. काहीतरी तपासायला म्हणून माणूस मजकुराच्या कन्सोलवर जाण्यासाठी कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबतो. पडदा काळा होतो, मॉनिटरच्या पोटात ‘टक’ असा आवाज होतो आणि पुढे काहीच घडत नाही. एंटर दाबा, एस्केप दाबा, सगळी बटणं बडवून काढा, कीबोर्ड ढिम्म. नवखा माणूस इथे रीसेटच्या बटणाकडे हात नेतो. मुरलेला माणूस आधी कॅप्स लॉक दाबतो आणि कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या हिरव्या दिव्याकडे बघतो.

वैद्याने नाडी धरावी, तसं हे. कॅप्स लॉकचा दिवा कीबोर्ड आपल्या मर्जीने लावत नाही. बटण दाबल्याचा निरोप आधी यंत्रात जातो, तिथे कुणीतरी तो वाचतं, ‘दिवा लाव’ असा हुकूम उलट धाडतं, तेव्हा कुठे तो पेटतो. दिवा लागला, तर कीबोर्डापासून आतल्या सॉफ्टवेअरपर्यंतची ये-जा शाबूत आहे. नाही लागला, तर निरोप वाटेत कुठेतरी अडकलाय, एवढंच कळतं. कुठे, ते शोधावं लागतं. पुढच्या काळात लिनक्सने यात आणखी एक खूण जोडली. कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यानेच, मान टाकली, तर कीबोर्डवरचे दिवे आपोआप लुकलुकू लागतात.

‘कीबोर्ड मेला’ असं अशा वेळी सर्रास म्हटलं जातं. बहुतेक वेळा तो मेलेला नसतो. बटण दाबल्याचा निरोप निघालेला असतो, पण तो घ्यायला दारात कुणी नसतं. कन्सोल बदलणं म्हणजे एकच कीबोर्ड एका मालकाकडून काढून दुसऱ्याच्या हवाली करणं, आणि सगळे घोटाळे होतात ते या हवाली करण्याच्या क्षणी. पहिल्याने हात सोडलेला असतो, दुसऱ्याने धरलेला नसतो. मराठीत याला अचूक म्हण आहे: दोन घरचा पाहुणा उपाशी.

या कथेच्या सुरुवातीला मात्र घर एकच होतं. १९६९ साली न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सचा पहिला अवतार उभा केला. त्या काळात संगणकाशी बोलायचं ते टेलिटाइपवरून. टेलिटाइप कंपनीचं मॉडेल ३३ हे त्यातलं गाजलेलं यंत्र. टाइपरायटरसारखा कीबोर्ड, वर कागदाची गुंडाळी आणि सेकंदाला १० अक्षरं छापण्याचा वेग. युनिक्समध्ये टर्मिनलला आजही ‘टीटीवाय’ म्हणतात, ते याच टेलिटाइपचं आखूड नाव. कन्सोल म्हणजे यंत्राच्या देखभालदाराचं खास टर्मिनल. एका टर्मिनलवर एक माणूस, एक वायर, एक संभाषण. दुसरं संभाषण हवं असेल, तर उठून दुसऱ्या खुर्चीत बसायचं.

कीबोर्ड गोठल्याचा भास मात्र तेव्हापासूनचा आहे. टेलिटाइपला छिद्रं पाडलेली कागदी पट्टी वाचण्याची सोय असे. ती पट्टी चालू आणि बंद करण्यासाठी दोन संकेत ठरलेले होते, कंट्रोल-क्यू आणि कंट्रोल-एस. पुढे काचेच्या पडद्याची टर्मिनलं आली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं व्हीटी१०० हे १९७८ चं टर्मिनल त्यांतलं सर्वांत नावाजलेलं. अशा टर्मिनलांनी हेच संकेत उचलले: ‘जरा थांब, मला झेपत नाही’ म्हणायला कंट्रोल-एस आणि ‘आता चालू दे’ म्हणायला कंट्रोल-क्यू. वर्ड किंवा एक्सेलमध्ये हात बसलेला माणूस आजही टर्मिनलच्या खिडकीत सवयीने कंट्रोल-एस दाबतो आणि सगळं थिजतं. फाइल जतन झालेली नसते. पट्टीला लावायचा ब्रेक लागलेला असतो. कंट्रोल-क्यू दाबलं की मधल्या वेळात टाइप केलेलं सगळं भसाभस पडद्यावर येतं. म्हणून गोठलेल्या कन्सोलवर जाणकाराचा दुसरा प्रयोग कंट्रोल-क्यूचा असतो आणि तिसरा स्क्रोल लॉकचा, कारण पीसीच्या कन्सोलवर त्या बटणानेही हाच थांबा लागतो.

घरं वाढली ती पीसीमुळे. युनिक्स अनेकांनी एकदम वापरण्यासाठी घडलेली प्रणाली, आणि पीसीला पडदा एक, कीबोर्ड एक. मायक्रोसॉफ्टने १९८० मध्ये झेनिक्स नावाने युनिक्सची आपली आवृत्ती जाहीर केली. एससीओ कंपनीने पीसीवर विकलेल्या झेनिक्समध्ये ‘मल्टिस्क्रीन’ नावाची सोय होती. ऑल्ट-एफ१, ऑल्ट-एफ२ असं दाबत जायचं आणि दर वेळी नवा पडदा, नवं लॉगिन. खुर्ची न सोडता खुर्ची बदलण्याची ही युक्ती.

लिनक्सने ती फार लवकर उचलली. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ च्या सप्टेंबरात पहिली आवृत्ती बाहेर काढली, तेव्हा तिला फक्त फिनिश कीबोर्ड समजत होता. १९९२ उजाडल्यावर काही महिन्यांतच आभासी कन्सोल आले. ते पीटर मॅकडोनाल्ड यांनी लिहिले, अशी नोंद कर्नलच्या कन्सोल सांभाळणाऱ्या फाइलच्या माथ्यावर आहे. लिनक्सला असे ६३ कन्सोल उघडता येतात, पण वहिवाट पडली ती सहांची. सहा कन्सोलवर लॉगिनची ओळ आणि सातव्यावर एक्स विंडो. ऑल्ट-एफ१ ते एफ६ मजकुराची घरं, एफ७ चित्रांचं.

आता कीबोर्डाच्या आत डोकावू. आयबीएमने १९८४ मध्ये पीसी-एटी आणला, तेव्हा त्याच्या मदरबोर्डवर इंटेलची ८०४२ ही छोटी चिप कीबोर्डाच्या दिमतीला बसवली होती. कीबोर्ड अक्षरं पाठवत नाही. तो पाठवतो बटणांचे क्रमांक, आणि प्रत्येक बटणाचे निरोप दोन: दाबल्याचा वेगळा, सोडल्याचा वेगळा. डाव्या ऑल्टचा दाबल्याचा क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये ३८ आणि सोडल्याचा बी८. शिफ्ट, कंट्रोल किंवा ऑल्ट या क्षणी धरून ठेवलंय की नाही, हे कीबोर्डला माहीत नसतं. ते लक्षात ठेवायचं काम सॉफ्टवेअरचं.

आता ऑल्ट-एफ२ दाबणाऱ्या बोटांकडे बघा. अंगठ्याने ऑल्ट दाबला तेव्हा पहिला कन्सोल समोर होता. एफ२ दाबताच घर बदललं. अंगठा उचलला जातो तो दुसऱ्या घरात. म्हणजे ३८ हा निरोप एकाला मिळाला आणि बी८ दुसऱ्याला. पहिला अजून समजून आहे, की ऑल्ट दाबलेलाच आहे. परत येऊन ‘एफ’ टाइप करावं, तर अक्षर उमटण्याऐवजी फाइल मेन्यू उघडतो. एंटर मारावं, तर भलतंच काहीतरी होतं. यावर जुना घरगुती उपाय आहे, दोन्ही बाजूंचे शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्ट एकेकदा दाबून सोडायचे. हरवलेला ‘सोडल्याचा’ निरोप त्याने पुन्हा पोचतो आणि कीबोर्ड शुद्धीवर येतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये यासाठी एक स्वतंत्र फंक्शनच आहे. कन्सोल बदलला की ते कोणकोणती बटणं खरोखर दाबलेली आहेत, याची नव्याने मोजदाद करतं.

मजकुराच्या घरांमधली ये-जा त्यामुळे बरीचशी निर्धोक झाली, कारण तिथे घरमालक एकच होता, कर्नल. खरा पेच एक्समुळे आला. एक्स विंडो प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. पीसीवरच्या युनिक्ससाठी तिची फुकट आवृत्ती देणारा एक्सफ्री८६ प्रकल्प १९९२ मध्ये सुरू झाला. एक्सला कीबोर्ड पूर्ण आपल्या ताब्यात हवा असे. म्हणून तो कर्नलला सांगायचा, की बटणांची अक्षरं करू नकोस, क्रमांक जसेच्या तसे माझ्याकडे दे. याला कीबोर्डाची ‘रॉ’ म्हणजे कच्ची अवस्था म्हणतात. या अवस्थेत ऑल्ट-एफ१ चा अर्थ कर्नल लावतच नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ१ ओळखून ‘मला पहिल्या कन्सोलवर जायचंय’ असं कर्नलला कळवण्याचं काम एक्सवर येतं. साहजिकच एक्स अडकला, की सुटकेचं दारही त्याच्याबरोबर बंद.

आणि निरोप पोचला, तरी लगेच घर बदलत नाही. त्याआधी एक रीतसर देवघेव होते, आणि तिचा साचा पीसीवरच्या सिस्टिम-व्ही युनिक्समधून आलेला आहे. कर्नल एक्सला सिग्नल देतो: जागा सोड. एक्सने ग्राफिक्स कार्डची स्थिती टिपून ठेवायची, आवराआवर करायची आणि ‘सोडली’ असं कळवायचं. मग कर्नल पडदा बदलतो. परत येताना दुसरा सिग्नल, पुन्हा ‘घेतली’ अशी पोच. ही भाडेकरूने किल्ली हातात ठेवण्यासारखी रीत, पण या करारात मुदतीचं कलम नाही. एक्स मेलेलाच असेल, तर सिग्नल पोचत नाही, हे कर्नलला कळतं आणि तो कुलूप स्वतः उघडतो. एक्स जिवंत आहे पण कुठल्यातरी चक्रात फसलाय, अशा वेळी मात्र कर्नल दाराशी उभा राहतो आणि उभाच राहतो.

एक्स कोसळला तरी संकट टळतंच असं नाही. जाता जाता त्याने कीबोर्ड कच्च्या अवस्थेतून बाहेर काढलाच नाही, तर समोर लॉगिनची ओळ दिसते आणि टाइप केलेलं एकही अक्षर उमटत नाही. एक्सशिवाय थेट पडद्यावर चित्रं काढणाऱ्या एसव्हीजीएलिब या लायब्ररीवरचे खेळ खेळणाऱ्यांना हा अनुभव वरचेवर यायचा. खेळ मध्येच कोलमडला, की कीबोर्ड कच्चाच राहायचा.

काही वेळा गुन्हेगार म्हणून समोर यायचा तो सुरुवातीचा हिरवा दिवाच. कॅप्स लॉक, नम लॉक आणि स्क्रोल लॉक यांची स्थिती लिनक्स प्रत्येक कन्सोलसाठी वेगळी जपतो. कन्सोल बदलला की दिवेही बदलायला हवेत. त्यासाठी कर्नल कीबोर्डला ‘ईडी’ हा हेक्साडेसिमल हुकूम पाठवतो. (या ईडीचा धाडींशी संबंध नाही.) कीबोर्ड पोच देतो, बटणं वाचणं थांबवतो आणि कोणते दिवे लावायचे हे सांगणाऱ्या दुसऱ्या बाइटची वाट बघत बसतो. तो बाइट आला की पुन्हा पोच, मग काम सुरू. सगळं क्षणार्धात उरकतं. पण त्याच क्षणी बोटं चालू असतील, किंवा त्याच ८०४२ चिपवर लटकलेला पीएस/२ माउस हलत असेल, तर पोच आणि इतर बाइट एकमेकांत मिसळतात. पोचेची वाट बघणाऱ्याला भलताच क्रमांक मिळतो आणि तो गोंधळतो. जुन्या लिनक्सवर अशा वेळी कीबोर्ड जोडलेला आहे ना, अशी शंका घेणारी ओळ पडद्यावर यायची. बोटं कीबोर्डवरच असलेल्या माणसाने ती वाचावी!

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स २.६ ने इनपुटची सगळी यंत्रणा नव्याने मांडली आणि कीबोर्डाशी थेट बोलण्याचा मक्ता कर्नलने स्वतःकडे घेतला. त्यानंतर कर्नलच्या नोंदवहीत एक नवीन कुरकुर दिसू लागली: न मागितलेली पोच आलीय, कुणीतरी प्रोग्राम परस्पर हार्डवेअरला हात लावतोय. बोट बहुधा एक्सकडेच होतं. दोन घरांतलं भांडण कर्नलने अखेर लेखी नोंदवलं.

मग सुटका कशी करायची? यावरचं सर्वांत नामी उत्तर एका बेवारस बटणातून आलं. आयबीएमने १९८४ च्या सुमारास कीबोर्डवर ‘सिस-रिक्वेस्ट’ असं एक बटण दिलं होतं, पण पीसीवर त्याला काम कुणी फारसं दिलं नाही. १९९७ मध्ये मार्टिन मारेश या चेक प्रोग्रामरने, पावेल माखेक यांच्या कल्पनांवरून, लिनक्समध्ये ते कामाला लावलं. ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्ट धरून एक अक्षर दाबायचं; हा निरोप कर्नल सर्वांच्या आधी स्वतः वाचतो, मग कीबोर्ड कुणाच्याही ताब्यात असो. ‘आर’ दाबलं की कीबोर्ड कच्च्या अवस्थेतून एक्सच्या हातून हिसकावला जातो. ‘के’ दाबलं की समोरच्या कन्सोलवरचे सगळे प्रोग्राम मारले जातात. दार अडवून बसलेल्या भाडेकरूवरचा हाच उपाय. काहीच चालेना, तर आर, ई, आय, एस, यू, बी ही सहा अक्षरं थांबत थांबत दाबायची. कीबोर्ड सोडव, प्रोग्रामना जायला सांग, न गेलेल्यांना मार, डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाक, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव आणि मशीन पुन्हा सुरू कर. हा क्रम लक्षात राहावा म्हणून इंग्रजीत हत्ती पाळण्याचं एक वाक्य तयार झालं. ‘बिझियर’ हा इंग्रजी शब्द उलटा लिहिला, की हीच अक्षरं येतात, हेही कुणाच्यातरी लक्षात आलं. कीबोर्डापाशी बसलेल्या कुणालाही एवढे अधिकार देणं धोक्याचं, म्हणून लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत यातल्या काहीच क्रिया चालू ठेवलेल्या असतात.

दुसरी वाट नेटवर्कची. शेजारच्या मशीनवरून लॉगिन करायचं, ‘केबीडी-मोड’ या आज्ञेने कीबोर्ड कोणत्या अवस्थेत आहे ते विचारायचं, पुन्हा अक्षरांच्या अवस्थेत आणायचं आणि ‘सी-एच-व्हीटी’ने कन्सोल बदलायचा. लॉगिन होतं, याचा अर्थ कर्नल ठणठणीत आहे. शेजारी मशीन नसेल, तर आंधळेपणाने टाइप करून बघायचं. कित्येकदा कीबोर्ड धडधाकट असतो आणि मेलेला असतो तो फक्त पडदा. काळ्या पडद्यावर नाव, पासवर्ड आणि ‘रीबूट’ बिनचूक टाइप करून मशीन सहीसलामत उठवणारे लोक होते. नुसतं टर्मिनल बिघडलेलं असेल, तर ‘रीसेट’ किंवा ‘एसटीटीवाय सेन’ ही आज्ञा. एंटर चालत नसेल, तर त्याच्या जागी कंट्रोल-जे.

युनिक्सच्याच कुळातल्या फ्रीबीएसडीच्या घरात हेच नाट्य वेगळ्या पात्रांनी रंगलं. तिथे १९९० च्या दशकात पीसीव्हीटी आणि सिसकॉन्स असे दोन कन्सोल ड्रायव्हर होते. डेन्मार्कच्या सोरेन श्मिट यांचा सिसकॉन्स टिकला. वहिवाट आठ लॉगिनांची, एक्स नवव्यावर, म्हणजे परतीची वाट ऑल्ट-एफ९. लिनक्सवरून आलेला माणूस सवयीने ऑल्ट-एफ७ दाबायचा आणि रिकाम्या लॉगिनसमोर उभा राहून एक्स गेला असं समजायचा. तिथे स्क्रोल लॉकने मागचा मजकूर चाळण्याची अवस्था सुरू होते. ते दाबलेलं विसरलं, की टाइप केलेलं दिसत नाही. माउसचे बाइट सरमिसळ झाले, तर ताळ सुटल्याची तक्रार ड्रायव्हर नोंदवायचा.

पुढे सिसकॉन्सला काळाने गाठलं. ग्राफिक्स कार्डची मांडणी एक्सने करायची ही पद्धत लिनक्सने मार्च २००९ च्या २.६.२९ पासून बदलायला घेतली. आधी इंटेलच्या कार्डांसाठी, मग इतरांसाठी हे काम कर्नलकडे आलं. आता पडद्याची किल्ली घरमालकाकडेच राहिली. कन्सोल बदलताना मॉनिटरच्या पोटातला ‘टक’ आवाज आणि तो काळा क्षणही गेला. असे नवे ड्रायव्हर फ्रीबीएसडीत आले, तेव्हा सिसकॉन्स वापरणाऱ्यांना एक्समधून मजकुराच्या कन्सोलवर परतताच येईना. शेवटी एड शाउटेन यांनी सुरू केलेला ‘व्हीटी’ हा नवा कन्सोल २०१६ च्या फ्रीबीएसडी ११ पासून मूळ कन्सोल झाला.

लिनक्समध्ये कीबोर्डाचा निवाडाही याच सुमारास लागला. एक्स बटणं वेगळ्या वाटेने, इनपुट यंत्रणेच्या फाइलींमधून वाचू लागला, आणि कन्सोलसाठी कीबोर्डाची ‘बंद’ अशी अवस्था २०११ मध्ये आली. नाहीतर एक्समध्ये टाइप केलेलं खालच्या कन्सोललाही पोचायचं. उपाशी पाहुण्याला अचानक दोन्हीकडे जेवण. नव्या व्यवस्थेत बसलेल्या माणसाला कीबोर्ड, माउस आणि पडदा देण्या-घेण्याचं काम ‘लॉगिनडी’ हा मध्यस्थ बघतो.

मजकुराचे कन्सोल मात्र हटलेले नाहीत. मराठी माणसाला तिथे एक जुनी अडचणही भेटते. हा कन्सोल एका वेळी फार तर ५१२ अक्षरचिन्हं बाळगतो, आणि जोडाक्षरं जुळवणं किंवा ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी नेऊन ठेवणं त्याला येत नाही. देवनागरी नावाची फाइल तिथे चौकोनांच्या रांगेसारखी दिसते.

आज नवाकोरा लॅपटॉप घेतला, तर त्याच्यावर सिस-रिक्वेस्टचं बटण बहुधा सापडत नाही. पण त्यावर लिनक्स चालू करून कर्नलची नोंदवही उघडली, तर बऱ्याच मॉडेलांत अंगच्या कीबोर्डाचं नाव दिसतं, ‘एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड’. यातला एटी म्हणजे १९८४ चा पीसी-एटी. ट्रान्सलेटेड म्हणजे कीबोर्ड दुसऱ्या संचातले क्रमांक पाठवतो आणि मधला नियंत्रक, ८०४२ चा वारस, ते पहिल्या संचात बदलून देतो, कारण त्याहून जुन्या पीसीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामना तेच कळत. त्यामुळे डाव्या ऑल्टवरून अंगठा उचलला, की कर्नलच्या दारात आजही बी८ हाच निरोप येतो.